शेजारचा विस्तव

१३ मार्च, गुरुवार. होळी.

परत आल्यापासूनची ही माझी चौथी होळी. मुंबईत सरकारी कचेरीत अधीक्षक होते तेव्हा तीस माणसं माझ्या नुसत्या खोकल्याला घाबरायची. निवृत्तीनंतर बापाच्या घरात शांतपणे राहावं म्हणून बंदरपेठेत आले. शांतता! धक्क्यापर्यंत गेलेल्या दोन रांगा, भिंतीला भिंत लागलेली घरं आणि प्रत्येक घरात एक स्पीकर.

संध्याकाळी धक्क्यावर होळी उभी केली. अनंताने, म्हणजे आमच्या मच्छीमार सोसायटीच्या चेअरमनने, माइकवरून भाषण केलं. ते कोणीही ऐकलं नाही, आणि त्यात ऐकण्यासारखं काही नव्हतंही. बायका नटूनथटून नाचल्या. नीराकाकीसुद्धा. पंच्याहत्तरीची बाई, नातसुना हसताहेत, हिला पत्ता नाही.

आईची रीत म्हणून होळीचा विस्तव घरी आणला. त्यावर तापवलेल्या पाण्याने दुसऱ्या दिवशी आंघोळ केली की वर्षभर अंगाला काही होत नाही म्हणे. माझा यावर विश्वास नाही, पण आई गेल्यापासून एकदाही चुकवलेलं नाही. आईचीच बिडाची कढई घेते, एक कान तुटलेली. मागच्या पडवीत ठेवली. लादी मी मुंबईहून पसंत करून आणली आहे, ती तडकू नये म्हणून खाली नारळाच्या झावळ्यांचा एक जुना झाप घडी करून घातला. पावसाळ्यात भिंतीला लावायचे झाप तिथेच रचलेले आहेत.

शेजारच्या केसरने कुंपणावरून पाहिलं. ही माणगावकडची, लग्न होऊन इथे आली, नवरा बोटीवर खलाशी. दिवसभर मागच्या चुलीवर कोळंबी उकडून सोडे वाळवत असते आणि वास माझ्या घरात सोडते. म्हणते, "ताई, इस्तव त्या झापांपासनं लांब ठेवा. उंद्या वारा हाय."

मी म्हटलं, "स्वतःच्या चुलीकडे बघ."

आत निघून गेली. बोलणाऱ्याला जागा दाखवली की पुढचे आठ दिवस बरे जातात.

१४ मार्च, शुक्रवार

शाळेच्या व्हरांड्यात बसून लिहिते आहे. घर नाही.

सकाळी त्या निखाऱ्यांवर पाणी तापवलं, आंघोळ केली, वर राख लोटली आणि रंग खेळणाऱ्या माकडांपासून सुटका म्हणून नागावला मावसभावाकडे गेले. दुपारी परतताना रिक्षावाला नाक्यावर थांबला. पुढे जाईना. आकाश काळं झालेलं. मला वाटलं, ह्यांनी परत होळी पेटवली की काय.

आमची पूर्ण रांग गेली. समोरची अर्धी. जाळी, झाप, डिझेलचे डबे, गॅसचे सिलिंडर, काय नव्हतं आळीत! बंब अलिबागहून आला आणि बोळाच्या तोंडाशी अडकला. भरती होती, एवढंच नशीब. पोरांनी बोटींवरचे पंप उतरवून खाडीचं पाणी खेचलं. माणूस एकही दगावला नाही, कारण सगळे रंग लावून धक्क्यावर नाचत होते. मूर्खपणाचाही कधी उपयोग होतो. अनंताने सिलिंडर बाहेर ओढताना हात भाजून घेतला. चेअरमनने लोकांना कामाला लावायचं असतं, स्वतः आत घुसायचं नसतं.

माझं लोखंडी कपाट मात्र रस्त्यावर उभं होतं. आत आईचा फोटो, माझी प्रमाणपत्रं, साड्या. केसरने आणि आणखी दोघींनी बाहेर काढलं म्हणे. केसरचे वर्षभराचे सोडे जळले. कपाटाच्या दाराला केवढा मोठा ओरखडा पडला आहे. आणताना जरा उचलून आणायला काय झालं होतं?

ही वही पर्समध्ये होती म्हणून वाचली.

रडले नाही. रडणारे पुष्कळ आहेत इथे.

१६ मार्च, रविवार

वर्तमानपत्रात आलं : 'ऐतिहासिक बंदरपेठ भस्मसात'. परवापर्यंत ह्याच ऐतिहासिक पेठेतून जाताना शहरातले लोक नाकाला रुमाल लावत होते.

मदतीचा पूर आला आहे. तीन पक्षांचे तीन पुढारी येऊन एकाच जळक्या खांबाशेजारी उभे राहून फोटो काढून गेले. कोणीतरी दोनशे स्वेटर पाठवले. मार्चमध्ये, समुद्रकिनारी. 'पुन्हा उभारू बंदरपेठ' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला, त्यात पहिल्या दिवशी फक्त जोडलेल्या हातांची चित्रं आली.

शाळेत एकच मोठी चूल मांडली आहे. भाताची पातेली मुसलमान मोहल्ल्यातून आली, तांदूळ मिठागरांकडच्या लोकांनी दिला. काळूराम नावाचा एक ट्रकवाला आगरी रोज येतो, उगाच मोठ्याने बोलतो आणि "आमचीच मानसा हाव आपुन" म्हणत सगळ्यांच्या पाठीवर थापा मारतो. माझ्याही मारणार होता. मी पाहिलं त्याच्याकडे.

सगळे एकमेकांना जेव, जेव म्हणतात. गेल्याच महिन्यात ह्यांची नळावर डोकी फुटली होती. आग लागल्यावर माणसं चांगली होत असतील तर दर महिन्याला एक आळी जाळावी.

१९ मार्च, बुधवार

पंचनाम्याला साहेब आले. विचारलं, आग कुठून लागली? अनंता म्हणाला, "होळीची ठिणगी उडाली साहेब. वारा व्हता." नीराकाकी, तेच. समोरच्या रांगेतले, तेच. एकजात पोपट. होळी धक्क्याच्या टोकाला, आमच्या रांगेपासून किती लांब! आणि वारा होता खाडीच्या दिशेने. ठिणगी काय उलटी चालत आली?

तीस वर्षं खोटे रजेचे अर्ज वाचले आहेत मी. माणसं ठरवून खोटं बोलतात तेव्हा मला ते वासावरून कळतं. आग आमच्या रांगेच्या मागच्या बाजूने सुरू झाली, हे बंबवाले आपसात बोलताना मी ऐकलं. मागच्या बाजूला पेटती चूल कोणाची असते? केसरची. ही सगळी आळी केसरला पाठीशी घालते आहे.

मी साहेबांना सांगायला पुढे झाले, तर नीराकाकीने माझा हात धरला. "किशे, मना जरा चक्कर येतंय, बाहेर ने गो." नेलं. बाहेर आल्यावर चक्कर गेली. तोवर साहेबही गेले.

२४ मार्च, सोमवार

घराच्या जागेवर राख उपसली. लादीचे तुकडे. एक एक तुकडा ओळखू येत होता.

आईची कढई सापडली नाही. बीड जळत नाही, वितळत नाही. म्हणजे कोणीतरी उचलली. ह्यांचा एकोपा तो हा. एकीकडे पंगती, दुसरीकडे मेलेल्या बाईची कान तुटकी कढईसुद्धा सोडली नाही.

केसर बाजूलाच राख भरत होती. मी तिच्याकडे बघून मोठ्याने म्हटलं, "चोर कोण आहे ते मला माहीत आहे." ती मान खाली घालून पाट्या उचलत राहिली. निर्दोष माणूस असा गप्प बसतो का?

३० मार्च, रविवार. पाडवा.

आळीत एकच गुढी उभारली. कोणाची असावी यावर वाद होऊ नये म्हणून शाळेच्या झेंड्याच्या खांबालाच बांधली. तिच्यावरची साडी मिरच्यांच्या रंगाची, भयंकर.

मग सभा. ठरलं ते असं : सरकारी मदतीची वाट न बघता पावसाच्या आत सगळ्या घरांवर पत्रे चढवायचे. सगळ्यांनी सगळ्यांच्या घरावर खपायचं. ज्याच्या घरात एकटं माणूस, त्याचं घर आधी. नीराकाकीने जुनी गोष्ट सांगितली. तिच्या सासूच्या काळातही ही पेठ एकदा जळली होती. तेव्हापासून आळीची रीत आहे की नव्या घरातला पहिला विस्तव शेजारच्या चुलीतून आणायचा. ज्या विस्तवाने घर नेलं त्याच्याशी शेजाऱ्याच्या हातून समेट करायचा. सगळ्या बायकांनी डोळे पुसले. काडेपेटी मिळत नाही का बाजारात?

मी उठले. म्हटलं, माझा एक ठराव आहे. ज्याच्या घरातून आग लागली, त्याला या आळीत पुन्हा घर बांधू देऊ नये. मग तो कोणीही असो. नाव मी घेतलं नाही, पण केसरकडे बघून बोलले. तिला हे ठाऊकच आहे की तिच्या घराची जागा नवऱ्याच्या चुलत्याच्या नावावर आहे. आळीने नको म्हटलं तर चुलता तिला एक वीट रचू देणार नाही.

अनंता म्हणाला, "ताई, र्‍हाऊ द्या ना ह्यो विषय."

"राहू का द्यायचा?"

नीराकाकी म्हणाली, "नियम झाला तं सगल्यांना लागू व्हईल गो, किशे."

"मला तेच हवंय," मी म्हटलं. "मताला टाका."

एकानेही हात वर केला नाही. बाजूनेही नाही, विरुद्धही नाही. ह्यांना मतदान कसं करतात तेसुद्धा माहीत नाही. मौन म्हणजे संमती असं समजून मी ठराव मंजूर झाल्याचं जाहीर केलं आणि खाली बसले.

८ एप्रिल, मंगळवार

चार दिवस ताप होता म्हणून लिहिलं नाही.

एकटं माणूस म्हणून माझं घर सगळ्यात आधी घेतलं आहे. उपकार नव्हेत, ठरलंच तसं होतं. काळूरामने विटा आणल्या, त्यातल्या निम्म्या कोपरे उडालेल्या. दिवसा बोटीवर जाणारी माणसं संध्याकाळी येऊन भिंत रचतात. अनंता एका हाताने ओळंबा धरतो, दुसऱ्या हाताचं बँडेज अजून सुटलं नाही. भिंत तरीही वाकडी आहे. मी दोनदा उतरवायला लावली. उतरवली, हूं की चूं केलं नाही. ज्यांना मत नसतं त्यांच्याकडून काम करून घेणं सोपं.

केसर माझ्या घराच्या विटा वाहते. तिच्या जागेवर अजून पायाही नाही. मनात खोट असल्याशिवाय माणूस इतकं करत नाही.

तापात तीच पेज आणून देत होती. रात्री उशाशीही तीच बसली होती, असं नीराकाकी म्हणते. मीठ जास्त होतं पेजेत. संपवली, कारण अन्न टाकायचं नाही ही आईची शिकवण.

१७ एप्रिल, गुरुवार

सापडली!

केसर पाणी आणायला गेली होती. मी तिच्या पत्र्याच्या खोपीत डोकावले. पोत्याखाली, फडक्यात गुंडाळलेली, माझ्या आईची कढई. एक कान तुटलेला. कितीही काजळली तरी ओळखणार नाही का मी? ह्या कढईत आई बोंबील तळायची, आणि मी शाळेतून येऊन कडेचे कुरकुरीत तुकडे काढून खायची.

तिथल्या तिथे तमाशा केला नाही. मला पद्धत माहीत आहे. पुरावा ताब्यात घेतला. रविवारी सभा आहे.

कित्येक दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

२० एप्रिल, रविवार

जसं झालं तसं लिहायचं, हा माझा नियम. म्हणून लिहिते.

सभा शाळेच्या पटांगणात होती. मी कढई फडक्यात बांधून नेली, सगळ्यांच्या मध्ये टेबलावर ठेवली आणि फडकं सोडलं. म्हटलं, "ही माझ्या आईची. केसरच्या खोपीत पोत्याखाली होती. विचारा तिला, कशी आली."

केसरचं तोंड उतरलं. तिने अनंताकडे पाहिलं, मग नीराकाकीकडे.

"बोल," मी म्हटलं.

"व्हय," केसर म्हणाली. "मीच उचलली."

"म्हणजे चोरलीस."

"व्हय ताई. चोरली."

"ऐकलंत?" मी सगळ्यांकडे वळले. "आता आगीचंही सांगून टाक. चूल तुझीच पेटलेली होती ना?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज सरळ होता. "माझी चूल त्या दिवशी पेटलीच न्हवती. सणाचं कोन उकडतंय कोलंबी? पर तुम्हाला घालायची आसंल तर घाला माझ्या नावावर. मी जाते माणगावला."

"केसर, गप बस!" अनंता ओरडला. मी त्याला कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. माइकवरसुद्धा तो असा बोलत नाही.

मग नीराकाकी उठली. हळूहळू चालत टेबलापाशी आली. कढई उचलून तिने उलटी केली आणि माझ्यापुढे धरली. बुडाला काहीतरी जळून घट्ट चिकटलेलं होतं. मी चष्मा पुसला. झावळीची पाती होती. एकाखालून एक गेलेली, झापाच्या विणीची.

"किशे," ती म्हणाली, "ह्या कढईन इस्तव कोनी आनलावता?"

मी लादीचा विचार करत होते. लादी तडकू नये म्हणून घातलेली ती घडी माझ्या डोळ्यांसमोर होती, नीट चौकोनी, कडा जुळवलेली. मी कुठलीही घडी नीटच घालते.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"पयल्या दिसापासना. केसरला राखेन मिलाली, तुज्या पडवीन. पंचनाम्याचे आदी तिनी लपवली. मग आमाना दाखवली."

"आणि कोणीच मला..."

"तुना सांगून काय भिंती उभ्या र्‍हायल्या असत्या?" नीराकाकी चिडूनच म्हणाली. "पावसाचे आदी घरा बांधाची व्हती. भांडाला येल कोनाला व्हता? आन तू तं एकटी. आयकून खाडीन उडी टाकली असतीस तं तुज्या आयशीला वर जाऊन काय सांगाचा मी?"

मी म्हटलं, ठराव मीच मांडला होता. मंजूर आहे. माझं घर उतरवा.

अनंता म्हणाला, "ताई, त्या ठरावाला हात कोनी वर केलावता?"

कोणीच नाही. तेव्हाही नाही, आताही नाही. मी त्यांना मतदान येत नाही असं लिहिलं आहे. मागची पानं काढून आत्ताच वाचलं.

२१ एप्रिल, सोमवार

लाज वाटते. दुसरा शब्द शोधत होते, सापडला नाही.

माझ्या कचेरीत असा एखादा कारकून असता, स्वतः फाइल जाळून शेजाऱ्यावर ठपका ठेवणारा, तर मी त्याला टेबलापुढे उभं करून असं फाडलं असतं की त्याने पुन्हा वर मान केली नसती. आणि ह्या लोकांनी मला पेज पाजली.

केसरकडे गेले. माफी मागायची सवय नाही, त्यामुळे वाक्य धड जमेना. ती वाळूची पाटी भरत होती. म्हणाली, "ताई, पयले ही पाटी उचलू लागा." उचलू लागले. तीस वर्षांत खुर्चीसुद्धा स्वतः उचलली नव्हती. मग दुसरी. संध्याकाळपर्यंत तिच्या घराच्या पायात बरीच वाळू पडली आणि माझं वाक्य तसंच राहून गेलं.

अनंताला निरोप पाठवला आहे : माझ्या घराचे पत्रे थांबवा, आधी केसरचं घर. त्याचा उलटा निरोप : "पत्रं चढलं बी."

४ मे, रविवार

आज घरभरणी. खरं तर काल रात्री बॅग भरली होती. नागावच्या मावसभावाने खोली देऊ केली होती. सकाळी दार उघडलं तर केसर समोर. तिच्या घराच्या भिंती छातीपर्यंत आल्या आहेत, पण मागे चूल मांडून झाली आहे, आणि ती आज पहाटे मुद्दाम पेटवली होती. मागे आळीच्या निम्म्या बायका, काळूरामची बायको येसूबाईही. मिरच्यांच्या रंगाच्या त्या साडीत नीराकाकी. गुढीला तिचीच होती तर.

केसरच्या हातात आईची कढई. बूड घासूनपुसून लख्ख केलेलं. आत निखारे.

बॅग दारातच होती. सगळ्यांनी पाहिली. येसूबाईने ती उचलून बाजूला ठेवली, वाटेत येत होती म्हणून.

"धरा ताई," केसर म्हणाली. "एकाच कानाची हाय, खालनं फडक्यानं हात लावा."

मी धरली.

"आन खाली झाप घालू नका."

आधी तीच हसली. मग सगळ्या आळीने हसून घेतलं, अगदी पोट धरून, आणि मला ते ऐकावं लागलं. हसले नाही मी. मला तसं जमत नाही. पण दार लावूनही घेतलं नाही.

निखारे चुलीत घातले, वर दूध ठेवलं, ते उतू गेलं, सगळ्यांना बरं वाटलं. भिंत वाकडीच आहे, येताजाता दिसते. मग सगळ्या अनंताच्या अंगणात पंगतीला गेल्या. केसर दोनदा हाक मारून गेली.

मी चुलीपाशी बसून राहिले. शेवटचा निखारा काळा होईपर्यंत बसले. वर तांब्याभर पाणी ओतलं. राखेत हात घालून पाहिला. गार होती. मग जेवायला गेले.